पलीकडचं आमेन

खैरगव्हाणची नदी हिवाळ्यात जेमतेम गुडघाभर असते. पात्राच्या मधोमध एक काळा, चपटा खडक आहे. गावात त्याला भाकरीचा खडक म्हणतात. नाताळ उलटून तीन आठवडे झाले की एका रविवारी, दिवस कलताना, ख्रिस्ती मंडळी या काठावर जमते. निम्मी माणसं पाणी ओलांडून पलीकडे जातात. अलीकडे प्रार्थना होते, पण तिच्या शेवटी अलीकडचं कुणी ‘आमेन’ म्हणत नाही. नवखा पाहुणा सवयीने म्हणून जातो आणि ओशाळतो. मग मंडळीतले वडीलधारे येशुदासकाका पातोळे त्याला जवळ बसवून घेतात आणि सांगू लागतात.

प्लेगचं साल होतं म्हणे. गावात उंदीर पडू लागले तशी मंडळीने घरं सोडली आणि माळावर झोपड्या घातल्या. ज्यांच्या काखेत गाठ आली त्यांना नदीपलीकडच्या छपरात नेऊन ठेवलं. सात जणं होती. त्यांना पाणी पाजायला कोण जाणार, हा प्रश्न निघाला तेव्हा शांतवन उठला. दोर वळणारा माणूस, छाती भरदार, आवाज असा की भजनात त्याच्यापुढे टाळ ऐकू येत नसत. त्याची बायको दिनाबाई शेजारीच बसली होती. तिने त्याचा सदरा धरला, आणि मग सोडला.

जाताना त्याने सगळ्यांकडून पवित्र शास्त्रावर हात ठेवून वचन घेतलं. “मी बोलावीपर्यंत कुणी पाणी ओलांडायचं नाही. माळावर सव्वीस लेकरं आहेत. दिना, तूसुद्धा नाही.”

“आणि तुम्ही कसे आहात ते मला कसं कळावं?”

“रोज दिवस कलला की काठावर येऊन प्रार्थना कर. मोठ्यानं कर. आमेन मी तिकडून म्हणीन.”

तसंच सुरू झालं. दिनाबाई भाकऱ्या खडकावर ठेवून माघारी येई, काठावर उभी राहून प्रार्थना करी, आणि पाण्यावरून शांतवनचं आमेन येई. त्या एका शब्दावर तिची रात्र जाई. असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी आमेन आलं नाही.

तिने पुन्हा हाक दिली. पलीकडे बाभळी तेवढ्या हलत होत्या. ती पाण्यात उतरली, खडकापर्यंत गेली. पुढे वीसेक पावलं राहिली होती. मागून मंडळीची उपासना चालवणारे लाजरस मास्तर ओरडले, “दिनाबाई, लेकरं!” ती खडकाला धरून उभी राहिली, आणि तशीच मागे फिरली. असं सांगतात, की त्या परतीच्या वाटेवर तिच्या पायांना जेवढं जड झालं तेवढं पुढे कुणाच्या मातीला चालतानाही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या कावळ्यांनी खाल्लेल्या दिसल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मात्र एक भाकरी अख्खी नाहीशी झाली होती. माणसाने नेली की कुत्र्याने, कोण सांगणार? ती एक नसलेली भाकरी तिला झोपू देईना.

सहाव्या दिवशी ती मास्तरांना म्हणाली, “आज मी नाही करायची प्रार्थना.”

“बाई, प्रत्येक गोष्टीला देवाची वेळ असते.”

“देवाची असते, मास्तर. माझ्या माणसाची वेळ निघून चाललीय, तिचं काय? आणि तिकडं कुणी पाणी मागत असंल, त्याचं?”

तरी ती काठावर गेली, ती रागानेच. तिने एवढंच म्हटलं, “प्रभू, आम्ही अलीकडे आहोत. तू पलीकडेही आहेस ना?” आणि अंधारेपर्यंत थांबली. काही आलं नाही.

आठव्या दिवशी आलं. बारीक, चिरका, म्हातारा आवाज. “आमीन.”

“कोण गं तू?” दिनाबाई ओरडली. “आमचे हे कुठंयत?”

“मी कोंडाई, मेंढकरीण. तुमच्यातली नाही. गाठ उठली म्हून ह्या छपरात येऊन पडले, तुझ्या मानसानं पानी पाजलं. तो गेला, बाई. ज्या सांजेला तुला जाब आला नाही, त्याच सांजेला. बाकीचीबी गेली. मला म्हनला व्हता, पलीकडची हाक सरली की ह्यो शबुद म्हन, माझी बायको वाट बघती. एकडाव रांगत येऊन भाकर नेली म्या, पर सांजचा ताप चढायचा. घशातनं आवाजच निघंना.”

दिनाबाई वाळूत बसली. “देवा,” ती म्हणाली, “हे उत्तर मी मागितलं नव्हतं.”

कोंडाईला आणखी एकवीस दिवस पलीकडेच ठेवायचं ठरलं. दिनाबाई भक्तीला येई, पण तिचे ओठ हलत नसत. काठावर मात्र रोज जाई. मास्तरांनी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, “तिकडं म्हातारी एकटी बसलीय. हाक गेली नाही, तर तिला वाटंल आपण सोडून गेलो.” तिचं स्वतःचं मन दगड झालं होतं, तरी तोंडाने ती प्रार्थना म्हणत राहिली, आणि एक परकी बाई अर्थ न कळता आमीन म्हणत राहिली.

एकविसाव्या दिवशी कोंडाई पाणी ओलांडून आली. दिनाबाईने लिंबाचा पाला घालून पाणी तापवलं, तिला न्हाऊ घातलं, आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून पहिल्यांदा रडली. माळावरच्या सव्वीस लेकरांपैकी एकालाही ताप शिवला नव्हता. लोक म्हणाले, देवाने बरोबर केलं. दिनाबाई कधीच तसं म्हणाली नाही. ती म्हणे, “का ते मी त्याच्यापुढं उभी राहून विचारीन. तोवर हाक चुकवायची नाही.”

आजही पलीकडची माणसं कोंडाईसारखंच ‘आमीन’ म्हणतात, आणि ते केव्हा म्हणायचं हे त्यांच्या हाती असतं. कधी पटकन येतं, कधी गार वाऱ्यात लेकरं कुरकुरू लागतात तरी येत नाही. कुणी घाई करत नाही. प्रार्थना म्हणायला उभं करतात ते मात्र पाळकांना नव्हे. त्या वर्षी गावात ज्याचं वाट पाहणं सर्वांत लांबलेलं असेल, त्याला पाण्याकाठी पुढे करतात, आणि अलीकडची सगळी माणसं त्याच्या मागे उभी राहतात.