तीन रुपयांची मोड

"दरबारचा पैसा तीनपैकी कोणत्या पेढीत ठेवावा? कमी खर्चात चोख काम कोण करतं? उद्या सांगा. चोपड्या उघडायच्या नाहीत, तिन्ही खोट्या आहेत. जमलं नाही तर चाकरी गेली समजा."

राजेसाहेबांचा हा हुकूम ऐकून कारकून नरहरपंत घरी आले आणि भिंतीला टेकून बसले.

त्यांची बायको गोदाक्का सोळा सोमवारांच्या उद्यापनाच्या तयारीत होती. सोळा मेहुणं जेवायची, प्रत्येकाला तीन आणे दक्षिणा.

"तीन रुपयांची मोड हवीच आहे. तिन्ही पेढ्यांतून एकेकाची आणते."

"मी बुडतोय आणि तुला मोड सुचतेय?"

"मला व्रतांपलीकडे कळतं काय? जाऊन तर येते."

दुसऱ्या दिवशी गोदाक्का तबक घेऊन दरबारात उभी राहिली.

"पहिल्या पेढीत गादी, अत्तर, विडा. रुपया सहा जणांच्या हातून फिरला, मग सोळा आणे मिळाले. दुसरीत एकच म्हातारबुवा. त्यांनी रुपया दगडावर वाजवला आणि सोळा आणे मोजून दिले. तिसरीतही एकच माणूस, पण घोरत होता."

"मग तिसरीच स्वस्त," राजेसाहेब म्हणाले. "विडासुद्धा नाही."

"स्वस्तच, महाराज. तो 'उद्या या' म्हणाला आणि कुशीवर वळला." तिने तबकातला बंदा रुपया दाखवला. "मी चूलच पेटवली नाही तर सरपण वाचेल. पण मेहुणं उपाशी जातील, त्याला काटकसर कशी म्हणू?"

"आणि पहिली?"

"ती माझ्यासारखी. एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाणा, रताळी, शेंगदाणे... माझ्या उपासाच्या खर्चात यजमान चार दिवस जेवतात."

नरहरपंतांनी मान डोलावली, मग घाईने थांबवली.

"म्हणजे दुसरी. ठरलं!" राजेसाहेब खूश झाले. "खजिनदार, बाईंच्या उरलेल्या रुपयाची मोड द्या."

खजिनदारांनी उपखजिनदारांकडे पाहिलं. त्यांनी किल्लीवाल्याकडे. किल्लीवाला हळूच म्हणाला, "मोजणारा जेवायला गेलाय. उद्या..."



"गोदाक्का," राजेसाहेब ओशाळून म्हणाले, "ही चौथी पेढी कशी वाटली?"

"पहिलीची माणसं आणि तिसरीचं काम, महाराज. पैसा दुसरीत जातोच आहे, मंडळींनाही पाठवा. म्हातारबुवा शिकवतील."

राजेसाहेब पोट धरधरून हसले. नरहरपंतांची चाकरी राहिली, पगार वाढला, आणि उद्यापनाचा सगळा शिधा राजवाड्यातून आला. मोड मात्र राजेसाहेबांनी स्वतःच्या कमरेच्या थैलीतून, स्वतः मोजून दिली. दोनदा चुकले.