हत्तीच्या पोटातला चिवडा

धनत्रयोदशीला राजे भुजंगराव यांच्याकडून पितळेचा हत्ती आला आणि गेणू बत्तीवाल्याच्या घरात माणसांना जागा उरली नाही.

घर एका खोलीचं. त्या खोलीत राजांचा पुरुषभर उंचीचा पुतळा आधीच उभा होता. तो गेल्या दिवाळीचा. त्याआधीच्या दिवाळीचं कपाटाएवढं घड्याळ होतं. ते वेळ दाखवत नसे, पण मनाला येईल तेव्हा ठोके देई.

राजे उदार होते आणि त्याला काही इलाज नव्हता. दर दिवाळीला वाड्यावरच्या प्रत्येक मानकऱ्याकडे आणि नोकराकडे राजभेट जायची. राजांना जे आवडे ते ते घेत. ते कोणाच्या घरात मावेल, हा प्रश्न त्यांना क्षुद्र वाटे. राजभेट विकायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही, माळ्यावर टाकायची नाही. तुळशीचं लग्न झालं की राजे स्वतः घरोघर पाहणीला निघत आणि भेट जागेवर दिसली नाही, तर नोकरी जाई. दिवाणसाहेबांकडचं झुंबर इतकं खाली लोंबत होतं, की पाहुणे पानावर रांगत जात. जाताना झुंबराचं कौतुक मात्र न चुकता करत.

"भाऊबीज झाली की काशी यायची बाळंतपणाला," गेणूची बायको सगुणा म्हणाली. "लेकीचं अंथरूण कुठं घालायचं?"

गेणूनं खोलीत जमेल तेवढी नजर फिरवली. "हत्तीच्या पायांत?"

"पहिलटकरीण आहे ती, माहूत नाही."

"मग या खेपेला राहू दे सासरी."

"अहो, पहिलं बाळंतपण! तिच्या सासूनं गावभर काय सांगायचं? सुनेला माहेर आहे, पण तिथं हत्ती राहतो म्हणून?"

सगुणानं हत्तीच्या पाठीवरचं झाकण उचललं. आत बुंदीचा लाडू होता. राजभेट कधी नुसती येत नसे. पुतळ्याच्या ओंजळीतही लाडू आला होता, घड्याळाच्या पोटातही. तिनं लाडू नवऱ्याच्या हातावर ठेवला, क्षणभर हत्तीकडे पाहिलं आणि चुलीवर मोठी कढई चढवली.

पाडव्याच्या सकाळी दरबार भरला असताना वाड्यापुढे बैलगाडी उभी राहिली. गडी एकेक वस्तू उतरवून आत आणू लागले. हत्तीचं पोट चिवड्यानं गच्च भरलं होतं. घड्याळात चकल्या होत्या. पुतळ्याच्या ओंजळीत करंज्या होत्या, आणि त्यामुळे तो प्रथमच काही उपयोगाचं देत असल्यासारखा दिसत होता. सगुणा सरळ राजांपुढे जाऊन उभी राहिली. गेणू गाडीमागे उभा होता. तिथून पळायला बरं पडलं असतं.

"राजभेट परत?" राजांचा आवाज चढला. "बाई, नवऱ्याची नोकरी नकोशी झाली का?"

"भेट कुठं परत केली, सरकार? भेट आम्ही खाल्ली. लाडू फार छान होते. ही भांडी राहिली होती आमच्याकडे."

"भांडी?"

"शेजारून फराळ आला, तर भांडं कोणी ठेवून घेतं का? आणि रिकामं तरी कसं पाठवायचं?"

राजांनी पुतळ्याकडे बोट केलं. "म्हणजे हा मी, तुझ्या लेखी डबा?"

"नाही, सरकार. डब्याला झाकण असतं."

दिवाणसाहेबांना एकाएकी खोकला आला. राजांनी रागारागानं हत्तीच्या पोटात हात घातला, चिवड्याचा बकाणा भरला आणि बराच वेळ चावत राहिले. राग चावण्यात थोडा खर्च झाला.

"शब्दात पकडलंस," ते म्हणाले. "आता मी पकडतो. मला तुला दिवाळीची भेट द्यायचीच आहे. काय देऊ ते तूच सांग. राजाला शोभली पाहिजे. घरात तिळाएवढीही जागा अडवता कामा नये. खाऊन संपायला नको, चोराला नेता यायला नको, परत करता यायला तर नकोच. आणि रोज तुझ्या तोंडी आली पाहिजे. इथंच सांग, आत्ता. नाही जमलं, तर हे सगळं तुझ्या घरी जाईल. सोबत हत्तीणही येईल."

एव्हाना दारापर्यंत आलेल्या गेणूनं कपाळाला हात लावला. सगुणानं नवऱ्याकडे पाहिलं, मग हत्तीकडे. तिला काशी दिसली, पोटावर हात ठेवून उंबऱ्यात उभी, आत पाऊल टाकायला जागा शोधणारी.

"सरकार," ती म्हणाली, "नाव ठेवा."

"मी? मी कोणाला नावं ठेवू?"

"नावं नाही, सरकार. एकच नाव. माझ्या नातवंडाला. लेक काशी परवा यायचीय सासरहून बाळंतपणाला."

राजांनी मनातल्या मनात एकेक अट पडताळून पाहिली. जागा नाही. संपत नाही. चोराच्या कामाचं नाही. एकदा ठेवलं की परत नाही. आणि आजीच्या तोंडी तर दिवसभर.

"पण नाव ठेवायचा मान आत्याचा," ते अखेर म्हणाले.

"बाळाच्या कानात आत्याच सांगेल. आत्याच्या कानात आपण सांगा."

"मुलगी झाली तर?"

"जागा तेवढीच लागेल, सरकार."

राजे पुढे झुकले. "आणि नाव ठेवायला तुला मीच का हवा?"

"इतकी वर्षं सगळा गाव आपल्या भेटींना नावं ठेवतोय," सगुणा म्हणाली. "एकदा आपणही ठेवून बघा!"

दरबारात चिवड्यातला दाणा पडला असता, तरी ऐकू आला असता. राजांच्या मिशा थरथरल्या. मग ते हसायला लागले आणि इतके हसले, की तोल सावरायला त्यांना हत्तीची सोंड धरावी लागली. राजे हसताहेत याची खात्री करून घेऊन दिवाणसाहेबही हसले.

"हिला बक्षीस!" राजे म्हणाले, तशी पहिल्या रांगेतली माणसं दचकली. "घाबरू नका, वस्तू देत नाही. परवा सकाळी आमचा घोड्यांचा शिग्राम काशीला आणायला जाईल. बाळंतपणाला वाड्यावरची सुईण राहील. गेणू, तुझी नोकरी आहे तिथंच आहे. आणि ही भांडी..." त्यांनी पुतळ्याच्या ओंजळीतली एक करंजी उचलली. "ही भांडी पोचली आम्हाला."

एवढ्यात दिवाणसाहेब जागेवर नाहीत, असं कोणाच्या तरी लक्षात आलं. थोड्याच वेळात ते धापा टाकत परतले. मागून चार गडी झुंबर घेऊन येत होते आणि झुंबराच्या प्रत्येक फांदीला एकेक चकली अडकवली होती.

"माफी असावी, सरकार," दिवाणसाहेब म्हणाले. "भांडं परत करायचं राहूनच गेलं होतं."

राजांनी पुन्हा सोंड धरली.