बिजलीला वाट पाठ आहे

डोंगरावरच्या एका गावात एक भोळा घोडेवाला होता. म्हणजे घोडेवाला तो नंतर झाला. भोळा आधीपासूनच होता. त्याचं नाव भागोजी.

गावाला लागून सरकारी वनउद्यान होतं. गर्द झाडी, लाल मातीची वाट, मध्ये मध्ये दरी दिसणारे पॉइंट. शहरातली माणसं सकाळी यायची, घोड्यावर बसून रान फिरायची आणि संध्याकाळी कंबर चोळत घरी जायची. घोडे होते लक्ष्मणतात्यांचे. तात्यांना एक मुलगी होती, सगुणा. भागोजीचा तिच्यावर जीव जडला होता. तिलाही तो आवडायचा. का, ते मला विचारू नका. मी तिला विचारलं तर ती नुसती हसली.

तात्या म्हणाले, "एक दिस माजी बिजली घिऊन गिऱ्हाईकं फिरव. एकानं जरी तुजं कौतुक केलं, तर सुपारी फोडू. न्हाई तर सगुणाचं नाव काढायचं न्हाई."

बिजली ही तात्यांची म्हातारी घोडी. तिला पळताना गावात कुणी पाहिलेलं नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बँकेतल्या एक बाई. तात्यांनी बजावलं, "काय बी झालं तरी लगाम हातातनं सोडायचा न्हाई."

"न्हाई सोडत," भागोजी म्हणाला.

थोड्या वेळाने तो परत आला. हातात लगाम, मागे बिजली, आणि बिजलीवर कुणीच नाही.

"बाई कुठं हायत?"

"त्या मागं ऱ्हायल्या. त्यांची पर्स फांदीला अडकली, आन् पर्सबरोबर त्या बी."

"मग तू काय केलंस?"

"लगाम न्हाई सोडला."

तात्या धावत गेले. बाई जांभळाच्या फांदीला लोंबकळून एकेकाचा उद्धार करत होत्या. त्यांना उतरवून तात्या परत आले ते घाम पुसत. "आरं, लगाम गेला खड्ड्यात! माणूस धरायचा माणूस! दोनी हातांनी, घट्ट!"

"आस्सं व्हय," भागोजी म्हणाला. शिकायची त्याची तयारी नेहमीच असायची, हे मी त्याच्या बाजूने सांगतो.

पुढचं गिऱ्हाईक नवं जोडपं. बायको घोड्याला घाबरायची, म्हणून नवरा बिजलीवर आणि बायको पायी. पॉइंट आला, नवरा खाली उतरला. भागोजीने लगाम टाकला आणि नवऱ्याला कमरेला मिठी मारली. दोन्ही हातांनी, घट्ट.

"अहो, सोडा ना!" नवरा म्हणाला.

"तात्यांनी सांगितलंय."

"आम्हाला फोटो काढायचाय!"

"काढा की. मी कुठं नगं म्हनलो?"

एका भल्या माणसाने फोटो काढून दिला. फोटोत मागे दरी आहे, मध्ये नवरा आणि भागोजी आहेत, आणि एका कडेला बायको रुसून उभी आहे. इकडे बिजली मोकळीच. ती आपली आपण घोड्यांच्या तळावर आली आणि चारा खाऊ लागली. रिकामी घोडी बघून तात्यांनी पुन्हा धाव घेतली.

"गिऱ्हाईक उतरलं की त्याला सोडायचं! आन् जे पळून जाईल, ते झाडाला बांधायचं! कळलं?"

"कळलं."

तिसऱ्या खेपेला एक आजीबाई आणि त्यांचा नातू. पॉइंटवर बिजली ढिम्म उभी राहिली. नातू मात्र सुसाट सुटला. भागोजीने डोक्याचा पटका सोडला आणि नातवाला हिरड्याच्या झाडाला बांधलं.

तळावर आल्यावर आजीबाईंनी सगळं सांगितलं, तेव्हा तात्यांनी डोक्याला हात लावला. पण आजीबाई म्हणाल्या, "अहो, हा जन्मल्यापासून आज पहिल्यांदा मी बसून कणीस खाल्लं. फार गुणी माणूस आहे तुमचा!"

कौतुक ते कौतुक. तात्या शब्दाचे पक्के. सुपारी फुटली. पण त्यांनी भागोजीला बाजूला घेतलं. "आता एकच ऐक. सोताचं डोकं लावायचं न्हाई. बिजलीला वाट पाठ हाय. ती जाईल तिकडं मुकाट जायचं."

आणि काय सांगू, त्यानंतर सगळं सुरळीत झालं. लग्नाचा दिवस उजाडेपर्यंत.

दुपारचा मुहूर्त होता. बाशिंग बांधून नवरदेव बिजलीवर बसला, मारुतीच्या पाया पडला आणि मांडवाकडे निघाला. पुढे दोन वाटा फुटत होत्या. डावीकडे मांडव, उजवीकडे रान. बिजली उजवीकडे वळली. भागोजी मुकाट बसला. नवरदेवाला सोडून कसं जायचं, म्हणून बँडवालेही वाजवत वाजवत रानात शिरले, आणि त्यांच्या मागे सगळं वऱ्हाड.

बिजली प्रत्येक पॉइंटवर नेहमीसारखी थांबली. माणसं दरी बघून येईपर्यंत थांबायची तिची सवय. वऱ्हाडाने दरी बघितली. मुहूर्त टळला. तात्या धापा टाकत आले.

"आरं, लगाम वढ! मांडव तिकडं हाय!"

"तात्या, बिजलीला वाट पाठ हाय."

तात्यांनी स्वतः लगाम ओढला. पण फेरी पुरी केल्याशिवाय बिजली जन्मात कधी वळली नव्हती. ती आजही वळली नाही.

सगुणा शहाणी. तिने भटजी, हार आणि अक्षता घेऊन सरळ घोड्यांचा तळ गाठला. दिवस मावळता बिजली तिथे पोहोचली. भटजी म्हणाले, "गोरज मुहूर्त आहे. उरका!" पटापट अक्षता पडल्या. भागोजी हातात हार घेऊन उभा. कुणी सांगितल्याशिवाय काही करायचं नाही, हे त्याने पक्कं ठरवलेलं.

तात्यांच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. "आरं, बघतोस काय? जिच्या मागं जन्मभर मुकाट जायचं, तिच्या गळ्यात घाल हार."

भागोजी वळला आणि त्याने बिजलीच्या गळ्यात हार घातला.

सगुणाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बिजलीने मान वाकडी केली, हार दातात धरला आणि झेंडूपासून गोंड्यापर्यंत खाऊन टाकला.

भटजींनी घसा खाकरला. "स्थळ घोडीला पसंत नाही. नवरी, तुझं काय म्हणणं?"