पन्नास किलो आठशे ग्रॅम

एकदा एका छावणीच्या गावात एक वृद्ध वस्ताद मुष्टियुद्ध शिकवीत असत. फौजेतून निवृत्त होऊन ते गावी परतले, तेव्हा धान्याचं एक रिकामं गोदाम त्यांनी स्वतः झाडून काढलं, आत चार खांब रोवले, दोर ताणले आणि तालीम सुरू केली. कुस्तीच्या मुलखात गुद्द्यांची विद्या शिकायला कोण येणार, असं लोक म्हणत. तरी पोरं येत गेली. त्यांतल्याच एकाचं नाव गुणवंत.

आला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि अंगावर मांस असं नव्हतंच. वस्तादांनी त्याला वजनकाट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "कपड्यांसकट सत्तेचाळीस. वारा सुटला की दार धरून उभा राहत जा."

पण त्या पोराचं पाऊल वाजत नसे. समोरच्याचा गुद्दा येई, तेव्हा गुणवंत त्या जागेवर नसे. आणि नसताना कुठून तरी त्याचा डावा हात येऊन पोचलेला असे. विसाव्या वर्षी तो व्यावसायिक लढतींत उतरला. त्याच्या गटाचं नाव फ्लायवेट, म्हणजे माशीच्या वजनाचा गट. मर्यादा पन्नास किलो आठशे ग्रॅम. गावाने त्याचं नावच 'माशी' ठेवलं, आणि त्या नावात भारी कौतुक होतं. कुठे सिनेमा थिएटरात सकाळच्या खेळाआधी, कुठे गिरणीच्या मैदानावर, एकदा तर थेट बँकॉकला तो लढला. तिथून परतला तेव्हा स्टेशनवर बँड आला होता आणि बँडवाल्यांना कोणती धून वाजवावी हे सुचेना म्हणून त्यांनी लग्नाची वाजवली. तेविसाव्या वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद त्याच्याकडे आलं. तीन वर्षं ते त्याने राखलं. पुढे मात्र ते एका तरुणाने हिरावून नेलं, आणि गुणवंताने मनाशी ठरवलं की ते परत आणल्याखेरीज हातमोजे उतरवायचे नाहीत.

अडचण एकच होती. पुरुषाचं शरीर विशीत जिथे असतं, तिथे थांबत नाही. छाती भरते, मांड्या जडावतात, हाडंसुद्धा भारी होतात. तिशीला आलेल्या गुणवंताचं खरं वजन साठ किलोंच्या आसपास होतं. प्रत्येक लढतीआधी तो ते खाली ओढून आणी. महिनाभर उकडलेली भाजी, मग मीठ बंद, शेवटचे दोन दिवस पाणी बंद. भर दुपारी प्लॅस्टिकचा अंगरखा घालून तो छावणीच्या रस्त्याने धावे. ओठ भेगाळत, डोळे खोल जात. लोक म्हणत, काय हा निग्रह. वस्ताद काही म्हणत नसत. ते सायकलवरून मागोमाग येत आणि घड्याळ पाहत.

अखेर ती संधी आली. दूरच्या एका शहरात, त्याच अजिंक्यपदासाठी, त्याच प्रतिस्पर्ध्याशी लढत ठरली. आदल्या दिवशी सकाळी वजन होतं. गुणवंत काट्यावर चढला. एक्कावन्न किलो शंभर. तीनशे ग्रॅम जास्त. अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे दोन तासांची मुदत दिली.

तीनशे ग्रॅम म्हणजे काहीच नव्हे, हे गुणवंताला ठाऊक होतं. अर्धा तास दोरीवरच्या उड्या, थोडा घाम, थोडी थुंकी. तो हॉटेलच्या खोलीत येऊन पलंगावर बसला आणि वस्ताद पिशवीतून प्लॅस्टिकचा अंगरखा काढतील म्हणून वाट पाहू लागला.

वस्तादांनी तांब्या घेतला. पाण्यात लिंबू पिळलं, मीठ-साखर घालून ढवळलं, पेला भरला आणि त्याच्या हातात दिला.

"पी," ते म्हणाले.

चौदा वर्षं वस्तादांनी 'पळ' म्हटलं की तो पळाला होता, 'थांब' म्हटलं की थांबला होता. तो प्यायला. दुसरा पेलाही प्यायला. तिसरा ओठांशी नेताना त्याला आपण काय करतो आहोत ते उमगलं.

"वस्ताद, हे काय केलंत तुम्ही?"

"सावकाश घे. ठसका लागेल."

मग वस्ताद खाली गेले, अधिकाऱ्यांपुढे उभे राहिले आणि आपला मुष्टियोद्धा लढणार नाही असं सांगून आले. आयोजक भडकले. जमलेल्या बातमीदारांनी दुसऱ्या दिवशी काय लिहायचं ते लिहिलं. परतीच्या वीस तासांच्या प्रवासात गुणवंत खिडकीबाहेर पाहत राहिला. ज्या माणसाला त्याने बापाच्या जागी मानलं होतं, त्यानेच त्याच्या तोंडचा घास काढून घेतला होता. गाव आलं तेव्हा त्याने स्वतःची पिशवी उचलली, वस्तादांची उचलली नाही.

महिनाभर तो तालमीकडे फिरकला नाही. तालमीवरून जावं लागू नये म्हणून बाजाराला लांबच्या वाटेने जाई. पण प्रश्न काही सुटेना. शेवटी एका सोमवारी सकाळी तो जाऊन उंबऱ्याशी उभा राहिला. वस्ताद सुई-दोरा घेऊन फाटलेला हातमोजा शिवत बसले होते.

"का केलंत, तेवढं सांगा," गुणवंत म्हणाला. "मग मी जातो."

"बस आधी."

तो बसला नाही. वस्तादांनी सुई मोज्यात खोचून ठेवली.

"वजनाच्या दिवशी पहाटे तू मला काय विचारलंस, आठवतं?"

"काही विचारलं नव्हतं मी."

"'वस्ताद, घर आलं का?' असं विचारलंस. आपण हॉटेलच्या खोलीत बसलो होतो."

गुणवंताने आठवून पाहिलं. त्या पहाटेच्या जागी त्याला काहीच सापडेना.

"तशा अवस्थेत तुला उद्या कुणी डोक्यावर ठोसे मारणार, हे मला सोसेना. एवढंच असतं, तर मी शहाणा ठरलो असतो. पण खरी गोष्ट त्याहून वाईट आहे, गुणवंता. मला हे तीन वर्षांपूर्वीच दिसत होतं, आणि मी गप्प राहिलो. कारण तो पन्नास किलो आठशेचा पोरगा मलाही हवा होता. त्याचं पाऊल वाजायचं नाही. तो दोरांतून आत शिरला की मी माझं म्हातारपण विसरायचो. दरवेळी काट्याकडे जाताना तुला वाटायचं आपण वजन द्यायला चाललोय. आपण दोघं त्या पोराला शोधायला जात होतो. तो गेला रे. मेला नाही, मोठा झाला. त्या पहाटे माझ्यासमोर तिशीचा एक माणूस तहानेने सुकून बसला होता, आणि मी त्याच्याकडे पहिल्यांदा पाहिलं. त्याला पाणी द्यायला मला उशीर झाला. त्याबद्दल तू मला काय बोलायचं ते बोल. आठवण जपावी, पण तिच्या मापाचा अंगरखा शिवून अंगात कोंबू नये."

गुणवंत दाराजवळच्या बाकावर बसला. गोदामाच्या पत्र्यावर ऊन चढलं होतं. आत कॅनव्हासचा, घामाचा आणि तेलाचा जुना वास होता. त्याला सोळावं वर्ष आठवलं, भिजवलेल्या हरभऱ्याची मूठ आठवली, वस्तादांची पहाटेची शिट्टी आठवली. डोळे भरून आले. पण त्या पोराचा हेवा वाटला नाही, असं बऱ्याच दिवसांनी झालं.

तो पुन्हा तालमीत येऊ लागला, तो सत्तावन्न किलोंच्या गटात. तिथे माणसं उंच होती, त्यांचे हात लांबवर पोचत. पहिल्या दोन लढती तो हरला. पाऊल आता वाजत होतं, त्याला इलाज नव्हता. तेव्हा त्याने जवळ जाऊन लढायला शिकून घेतलं, खांद्याला खांदा लावून, बरगड्यांखाली आखूड गुद्दे मारत. पूर्वी जो हवेत लढे, तो आता जमिनीवर पाय रोवून लढू लागला. तिसरी लढत जिंकली, चौथीही. प्रेक्षकांत कुणी 'माशी' अशी हाक मारली, तर तो हसून हात वर करी.

अजिंक्यपद मात्र परत आलं नाही. एकदाच त्याच्या वाट्याला मोठ्या गटाच्या अजिंक्यपदाची लढत आली. समोर बारा वर्षांनी लहान असलेला एक गडी होता. दहाही फेऱ्या गुणवंत उभा राहिला. सातव्या फेरीत त्याने त्या गड्याला गुडघ्यावर आणलं, सारं सभागृह उठून उभं राहिलं. तरी शेवटी पंचांनी दोन गुणांनी त्या तरुणाच्या बाजूने निकाल दिला. गुणवंताने त्याचा हात स्वतः उंच धरला. ती त्याची शेवटची लढत.

परतताना वस्ताद आणि तो स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट पाहत बसले होते. त्याची डावी भुवई सुजली होती. वस्ताद तिच्यावर ओला रुमाल दाबून धरत होते.

"वस्ताद," गुणवंत म्हणाला, "खरं सांगा. तो पोरगा आजच्या लढतीत असता, तर जिंकला असता."

"जिंकला असता," वस्ताद म्हणाले. त्यांनी रुमालाची घडी बदलली. "पण तो लढताना मी त्याचे पाय बघायचो. आज दहा फेऱ्या मी तुझं तोंड बघत होतो."

गाडी यायला अवकाश होता. गुणवंताने वस्तादांची पिशवी आपल्या बाजूला ओढून घेतली.