उजवीकडची बाटली

उंदीर पिंजऱ्यातच जन्मत आणि पिंजऱ्यातच म्हातारे होत, त्या जागेची ही गोष्ट. तिथे महिनाभर ओल्या भुशात ठेवून उंदरांचं मन मारलं होतं. प्रत्येकापुढे दोन बाटल्या होत्या. डावीकडे साधं पाणी, उजवीकडे साखरेचं. मन मेलेल्यांना दोन्ही सारखीच लागत. मग त्यांच्यातल्या ठिपकीला मेलेलं मन जागं करायचं औषध रोज टोचू लागले. शेजारच्या पिंजऱ्यातल्या म्हाताऱ्या खाचकानीला मात्र तुलनेसाठी नुसतं पाणी टोचत.

"आजी, आज उजवी बाटली गोड लागली गं!"

"गप! जिच्या उजव्या बाटलीतलं पाणी उतरतं तिला तो हातमोजा घातलेला हात उचलून नेतो. मेंदू बघतात म्हणे. परत आलंय कुणी?"

"तुला मोह नाही होत?"

"कसला मोह? म्हणून तर जगलेय."

ठिपकीने दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी ती डोळे मिटून पीतच राहिली. हातमोजा आला तेव्हा तिच्या मिशांवर थेंब होता.

रिकाम्या पिंजऱ्याकडे खाचकानी बराच वेळ बघत बसली. मग तिने उजव्या बाटलीला जीभ लावली.

"पाणीच तर आहे," ती म्हणाली आणि तिने पुन्हा चाटून पाहिलं. पुन्हा. पुन्हा.

चाटता चाटता बाटली तळाला गेली. हातमोजा तिच्या दाराशी थांबला.