माग चालेल तोवर

फार पूर्वी शूर्पारक नगरात वीरसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका करारलेखकाच्या कुळात जन्मले होते. व्यापाऱ्यांचे करार ते लिहीत आणि तीच विद्या शिष्यांना शिकवीत. त्यांचा एकच हट्ट असे. "करार नुसता वाचून दाखवू नका रे. ज्याला अक्षर येत नाही, त्याच्याकडून तो त्याच्याच शब्दांत वदवून घ्या. 'कळलं ना?' असं विचारलं की माणूस 'हो'च म्हणतो."

नंदिसेन हा त्यांचा सर्वांत हुशार शिष्य. बोलणी करण्यात तर पटाईत. मित्रविंद नावाचा कापडाचा व्यापारी आणि कोष्ट्यांची वस्ती यांच्यातला करार त्याने लिहिला. 'माग चालेल तोवर वस्तीने सारे कापड मित्रविंदासच द्यावे.' वस्तीची कारभारीण भद्राली हिला त्याने तो घाईघाईने वाचून दाखवला. "कळलं ना?" "हो," ती म्हणाली.

"वदवून घेतलंस ना?" बोधिसत्त्वांनी विचारले. नंदिसेन बेधडक "हो" म्हणाला. त्यांनी विश्वासाने मोहोर उठवली.

आता कोष्ट्यांची बोली अशी, की एक ताणा, म्हणजे मागावर ताणलेले उभे सूत, विणून उतरला म्हणजे माग थांबला. भद्रालीला वाटले, करार एका ताण्यापुरता आहे. मित्रविंदाने तो जन्मभराचा धरला. पुढच्या वर्षी भाव पाडायला तो स्वतः कापड उचलेना आणि दुसऱ्या कुणाला विकूही देईना. वस्तीतल्या चुली विझल्या.

भद्राली न्यायसभेत गेली, तेव्हा नंदिसेनाने आपण खोटे बोलल्याचे बोधिसत्त्वांपाशी कबूल केले. सुनावणीच्या सकाळी मित्रविंद बोधिसत्त्वांकडे आला. "आचार्य, गप्प राहा. माझे सगळे करार यापुढे तुमच्याकडेच."

बोधिसत्त्व गप्प राहिले नाहीत. भरसभेत ते म्हणाले, "अर्थ या बाईंचाच खरा. त्यांच्याकडून वदवून घेतलं नव्हतं. चूक माझ्या घरची आहे."

न्यायाधीश हळहळले. "आचार्य, मोहोर तुमचीच ना? ती आज खोटी ठरवली, तर उद्या नगरात कुणाचाच करार टिकायचा नाही." करार कायम झाला.

नंदिसेन ढसाढसा रडला. भद्राली रडली नाही. "माग चालेल तोवर ना? मग आम्ही चालवतच नाही," ती म्हणाली. वस्तीने माग मोडून जाळले आणि माणसे वाट फुटेल तिकडे गेली. ते विणकाम त्या नगरात पुन्हा कुणालाच जमले नाही. बोधिसत्त्वांनी लेखणी टाकली आणि बंदरावर ओझी वाहून आयुष्य काढले. काय उपयोग झाला त्या प्रायश्चित्ताचा? कुणाच्याच पोटाचा प्रश्न त्याने सुटला नाही.

एवढे सांगून शास्ते भगवान समोर बसलेल्या भिक्षुसंघाला म्हणाले, "मित्रविंद म्हणजे आजचा भिक्षू सुनाग. नंदिसेन म्हणजे त्याच्याशेजारी बसलेला कोटिल. करारलेखक मीच होतो."

"आणि भद्राली?" एका भिक्षुणीने विचारले.

"ती इथे नाही," शास्ते म्हणाले. "त्या जन्मी मी सत्य सोडले नाही, म्हणून ही सत्यपारमितेची, म्हणजे सत्य शेवटपर्यंत पाळण्याच्या व्रताची कथा. पण तिचा माग मला परत देता आला नाही."