मुकी दाखवणी

दोष फांदोजीबाबांचाच होता. नगरात अजून लोक हवेला, पाण्याला, नशिबाला बोल लावतात. पण शिंग बाबांनी फुंकलं.

त्या नगराला बाहेरून तट होता आणि आत पहारेकरी. पहारेकरी शूर होते, पण शत्रू कोण हे त्यांना स्वतःला कळत नसे. ते सांगणं फिरस्त्यांचं काम. फिरस्त्यांना झाडाला फांद्या असाव्यात तसे अंगभर हात. गल्लीबोळात सापडेल ते, चिंधी, खापरी, तुटकी वहाण, उचलायचं आणि चावडीवर पहारेकऱ्यांपुढे धरायचं. वस्तू परकी असेल तर शिंग फुंकायचं. घरचीच असेल तर तोंड मिटून धरायची. याला मुकी दाखवणी म्हणत. पहारेकरी ती वस्तू बघून जांभई देत आणि पुन्हा कधी तिच्या वाटेला जात नसत. अख्खं नगर त्या जांभईवर सुखात होतं.

फांदोजीबाबा सगळ्यांत ज्येष्ठ. ज्येष्ठ म्हणजे ज्याची चूक काढायला बाकीचे लाजतात तो. तरुणपणी एकदा चोर तट चढून आले होते. त्यांच्या झोळीतून पडलेलं त्यांच्या पोथीचं पान बाबांना सापडलं, त्यांनी शिंग फुंकलं, नगर वाचलं. ही गोष्ट बाबा चाळीस वर्षं सांगत होते. मुक्या दाखवणीला कुणी उठून उभं राहत नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

नगरातही घरोघरी पोथी होती, अगदी आतल्या खोलीत, कुलपात. सगळ्या घरांत तीच, अक्षरन् अक्षर तीच. माणूस मेला की झाडूवाले त्याच दिवशी घर आवरून पोथी घेऊन जात. म्हणून घरच्या पोथीचं पान कुणी रस्त्यावर पाहिलेलंच नव्हतं. पुढे ज्येष्ठांच्या बैठकीत ठरलं की एवढे झाडूवाले कशाला. निम्मे घरी बसवले. मग मेलेल्या माणसाचं एक घर तसंच पडून राहिलं, कुजलं, आणि त्यातलं एक पान वाऱ्यावर रस्त्यात आलं.

ते बाबांनाच सापडावं!

बाबांची एकुलती एक मुलगी निवळी नगराच्या पाण्याच्या गाळणीवर कामाला होती. तिनं पान पाहिलं.

"बाबा, हे आपल्याच पोथीचं आहे. ओळ तरी वाचा."

"तू पाणी गाळ. रस्त्यावरचं पान चोराचंच असतं. मी पाहिलंय."

"चाळीस वर्षांपूर्वी!"

"त्यालाच अनुभव म्हणतात, बाळ."

"मग निदान मुकं दाखवा. चुकलात तर एका जांभईवर भागेल."

जांभई हा शब्द तिनं उच्चारायला नको होता. बाबा तडक चावडीवर गेले आणि गाल फुगवून त्यांनी शिंग फुंकलं. पहारेकरी खाडकन उभे राहिले. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पहारेकरी तसलंच पान शोधत निघाले आणि पहिल्याच घरात त्यांना ते सापडलं. दुसऱ्यातही. तिसऱ्यात तर अख्खी पोथी! दारं फोडली, बिजागऱ्या उखडल्या. जितकी घरं पडली तितकी पानं रस्त्यावर आली, आणि दर पानाला बाबा शिंग फुंकत राहिले. "बघा, मी म्हणत नव्हतो?" ते प्रत्येकाला सांगत. बाकीचे फिरस्तेही मग फुंकायला लागले. थोरांनी सुरू केलंय म्हटल्यावर कोण थांबतो?

पानं गटारांतून वाहत गेली आणि गाळणीच्या जाळीत अडकली. पहारेकरी तिथं पोचले. निवळी दारात आडवी उभी राहिली. तिच्या पाठीमागे जाळीभर पानं होती. पहारेकऱ्यांना दुसरा पुरावा नको होता.

दुपारी तटावरून लोकांनी पाहिलं. वेशीच्या दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांनी पेटवलेल्या वस्त्या लालभडक, मध्ये वेशीचा उंचवटा तेवढा कोरा. नगराच्या तोंडावर लाल फुलपाखरू येऊन बसावं तसं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा चावडीवर आले. निवळीचं पाणी गाळायचं फडकं त्यांनी सगळ्या हातांनी मिळून पुढे धरलं. शिंग आणलं नव्हतं. तोंड घट्ट मिटलेलं होतं.

जांभई कुणी दिली नाही. सगळे पहारेकरी उठून उभे राहिले.

फांदोजीबाबांना मुलगी एकच होती. ती गेली.